या आठवड्यात मंगोलिया

सोमवार. सकाळचे आठ, आणि डंडीत अजून अंधारच.
मी तांदूळ रंगवतोय. हिरवा रंग, चमचाभर व्हिनेगर,
डब्याचं झाकण लावून खळाखळा.
परातीत ओतलं की झालं गवताळ मैदान.
त्यावर चार घोडे. त्यातला एक खरं तर गाढव आहे,
पण ते मी आणि गाढव सोडून
कुणाला ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात पेरू होता.
नकाशावर बोट ठेवलं आणि जिभेला
मीठ-तिखट आठवलं. ते मात्र शिकवलं नाही.

मुक्ता चार वर्षांची. शेजारचा फिन्ली साडेतीनचा,
त्याची आई बस चालवते, पहिली पाळी.
सहालाच येतो तो, पायजम्यावर कोट घालून,
हातात टोस्ट, अर्धा झोपलेला.
माझी नोकरी सुटून चार महिने झाले.
बायको प्रयोगशाळेतून दमून येते तेव्हा
विचारते, आज कुठे होतात?
आम्ही देशाचं नाव सांगतो.

टेबलावर चादर टाकली, आत गालिचा,
मधोमध बॅटरी उभी केली, ती चूल.
सांगायला लागलो:
तिकडची माणसं घर घेऊन फिरतात.
घडी घालायची, उंटावर लादायची, निघायचं.
फिन्ली म्हणाला, मग कचऱ्याची गाडी
कुठे येते?
पुस्तकात नव्हतं.
मुक्ता म्हणाली, आणि उंची मोजायची रेघ?
भिंतीवरची, पेन्सिलची?
तिची पण घडी होते?

आम्ही चार वर्षांत तीन घरं बदलली.
भांडी आणली, गाद्या आणल्या, जुनी मिठाची बरणीसुद्धा
टॉवेलात गुंडाळून.
रेघा तिथेच राहिल्या.
एका घरमालकानं त्यावर रंग मारून
पैसे कापून घेतले.

बुधवारी मीठ घातलेला चहा केला, दूध भरपूर.
दोघांनी सिंकमध्ये थुंकला.
मी मात्र कप संपवला, शिक्षक म्हणून.

गुरुवारी मुक्ता म्हणाली, बाबा, आता परभणी कर.
तुझी.
परात पुढे ओढली.
काळी माती? काळा रंग घरात नव्हता.
एक प्लास्टिकची म्हैस होती, शिंग मोडलेली.
अजून काय ठेवू?
मामाचं सायकलचं दुकान, पंक्चरच्या सोल्यूशनचा वास,
आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी
आणि तेव्हा बादल्यांसाठी पहाटे तीनला
उठणारी अख्खी गल्ली,
बँकेच्या परीक्षेच्या क्लासमधला तो पंखा,
जो फक्त सरांच्या डोक्यावर फिरायचा.
असला संच कुठल्याच दुकानात मिळत नाही.
म्हशीला परातीत ठेवलं
आणि परत उचललं.

मग वाटलं, तिकडेही असेल की एखादं
सायकलचं दुकान.
कुणी पोरगा असेल, घोड्यावर बसवलं की रडणारा,
ज्याला घरात बसून टीव्हीच बघायचा असतो.
आणि कुणी बाप, स्वयंपाकघरात, आत्ता,
तांदूळ राखाडी रंगवून म्हणत असेल:
हा स्कॉटलंडचा पाऊस.
त्याला आमचा बॉयलर कुठून माहीत असणार,
रात्री दोनला दार वाजवल्यासारखा
ठोकतो ते?

मी खाली वाकलो, चादर उचलली.
म्हटलं, ऐका, एक सांगायचंय.
हा चौथा घोडा नाही. हे गाढव आहे.
मुक्तानं वरसुद्धा पाहिलं नाही.
म्हणाली, आम्हाला माहितीये.
त्याचं नाव बॉब आहे. तो घोड्यांना घाबरतो.

दोन वाजता फिन्लीची आई दारात,
युनिफॉर्मवर पाऊस, हातात केळी.
त्यानं बुटात पाय घालता घालता सांगितलं,
मंगोलियात एक मुलगा आहे,
त्याला घोडे आवडत नाहीत.
हो का? ती म्हणाली. काय नाव त्याचं?

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

दार लावून आत आलो.
चादरीखाली बॅटरी तशीच जळत होती.